ड्रमच्या काचेतलं पाणी

उस्तादांना दिसत नाही हे मला दीड वर्ष माहीत होतं, आणि मी कोणाला सांगितलं नाही. आता उस्ताद नाहीत, बॉयलर नाही, कारखानाही नाही. महाप्याला त्या जागेवर मोठी बिल्डिंग झाली आहे आणि गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं तिथे आतबाहेर करत असतात. त्यांनी माझं काही घोडं मारलेलं नाही, तरी त्यांना बघितलं की मला उगाच चीड येते. चीड मला आधीपासूनच लवकर येते. जे झालं त्यात उस्तादांच्या डोळ्यांइतकाच माझ्या या स्वभावाचा हात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. ठाणे-बेलापूर रोडच्या एका अंगाला कारखान्यांची धुराडी आणि दुसऱ्या अंगाला खाडीपर्यंत भातखाचरं, मिठागरं. नवं शहर नकाशावर होतं म्हणे. आम्हाला दिसायचा तो चिखल आणि ट्रकांची रांग. मी कोकणातून आलेला, सत्तावीस वर्षांचा, सेकंड क्लास बॉयलर अटेंडंट. ती परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झालो. आमच्या घराण्यात सरकारी शिक्का असलेला तो पहिला कागद. वडिलांनी तो फ्रेम करून भिंतीवर लावला, त्यामुळे कंपनीत दाखवायचा झाला की फ्रेमसकट काखोटीला मारून न्यावा लागायचा.

पाळीला आम्ही तिघं. उस्ताद म्हणजे फर्स्ट क्लास अटेंडंट, पाळीचे मुख्य. परळच्या गिरणीत बॉयलरवर जन्म काढून इथे आलेले. दुसरा मी. तिसरा आमचा फायरमन, म्हणजे भट्टीची आग सांभाळणारा, खाडीकाठच्या गावचा, चाळिशी ओलांडलेला. त्याचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं होतं. नव्या शहरासाठी गावाच्या जमिनी गेल्या, मिठागर बंद पडलं, आणि घरटी एक नोकरी म्हणून त्याला बॉयलरवर घेतलं. मी त्याला दादा म्हणायचो. दिवसभर उन्हात मीठ ओढलेल्या माणसाला बॉयलरहाऊसच्या उकाड्याचं काय कौतुक? आम्ही घामाने निथळायचो आणि हा खुशाल भट्टीसमोर बसून भाकरी खायचा.

बॉयलर म्हटलं की लोकांना मोठं पातेलं वाटतं. आमचा बॉयलर वॉटर ट्यूबवाला होता, म्हणजे पाणी नळ्यांच्या आत आणि आग नळ्यांच्या बाहेर. खाली एक लोखंडी ड्रम, वर त्याहून मोठा एक ड्रम, आणि दोघांना जोडणाऱ्या उभ्या ट्यूबा, मोजायला कंटाळा येईल इतक्या. आगीसमोरच्या ट्यूबांत पाणी उकळून बुडबुड्यांसकट वर चढायचं. मागच्या बाजूच्या, आगीपासून लांबच्या ट्यूबांतून जड पाणी खाली उतरायचं. ते फिरवायला पंप नाही, काही नाही. गरम वर आणि गार खाली, असं आपलंआपण चक्र चालू. वरच्या स्टीम ड्रममध्ये वाफ आणि पाणी एकमेकांना सोडायची. वाफ वरच्या पाइपाने कारखान्यात जायची, पाणी परत खाली.

तो वरचा ड्रम अर्धा पाण्याने भरलेला आणि अर्धा वाफेला मोकळा असला पाहिजे. सगळी नोकरी या एका वाक्यात आली. पाणी जास्त झालं तर वाफेबरोबर पाइपात घुसणार आणि पाइप फोडणार. कमी झालं तर ट्यूबा कोरड्या पडणार, आणि चुलीवर रिकामं पातेलं विसरलं की काय होतं ते घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे. इथे त्या चुलीसमोर माणूस बसलेला असतो.

पाणी किती आहे हे दिसायचं एका काचेत. ड्रमच्या टोकाला उभी, वीतभर रुंद नाही अशी जाड काच, तिच्यात पाण्याची रेघ. ही काच चार मजले उंचीवर, लोखंडी शिडी चढून गेल्यावर प्लॅटफॉर्मवर. पाणी सोडायचा व्हॉल्व्ह मात्र खाली. खालून पाणी कळावं म्हणून कंपनीने एक यंत्र बसवलं होतं, ते पहिल्याच वर्षी बंद पडलं. पाणी फार खाली गेलं की आग आपोआप बंद करणारं दुसरं एक यंत्र होतं. ते घडीघडी उगाच आग बंद करायचं, प्लांटवाले बोंब मारायचे, म्हणून कोणीतरी त्याची वायर काढून ठेवली होती. हे साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत.

मग आमची पद्धत काय? अंगावर पाणी दाखवायचं. आवाज इतका की हाक ऐकू जायची नाही. वर चढलेला माणूस काच बघायचा आणि आपल्याच अंगावर हात ठेवून पातळी सांगायचा. छातीवर हात म्हणजे पाणी बरोबर मध्यावर. गळ्याशी गेला तर जास्त. कपाळावर म्हणजे काच भरली. कंबर म्हणजे कमी, आणि गुडघा म्हणजे काचेच्या तळाला. गुडघा दाखवला की खालच्याने विचार करायचा नाही, आग बंद करायची. दर अर्ध्या तासाने हा प्रकार. नवीन माणसाला वर कोणी नाच करतंय असं वाटायचं. सवय अशी झाली होती की वरच्याचा हात हलला की खालच्याचा हात व्हॉल्व्हवर आपसूक हलायचा, डोक्याला विचारावं लागायचं नाही.

हे सगळं मला उस्तादांनी शिकवलं, आणि शिकवताना दोन गोष्टी घोटून घेतल्या. एक म्हणजे, ज्या काचेत रेघ दिसत नाही ती काच पूर्ण भरलेलीही असू शकते आणि पूर्ण रिकामीही. दोन्ही सारख्याच दिसतात. अशा वेळी काचेखालचा कॉक, म्हणजे छोटा नळ, उघडून बघायचं, पाणी येतंय की नुसती वाफ, आणि मग कॉक बंद करून पाणी परत चढतं का ते बघायचं. दुसरी गोष्ट म्हणजे फुगवटा. प्लांटने एकदम जास्त वाफ ओढली की ड्रमचं प्रेशर पडतं, पाण्यातले सगळे बुडबुडे फुगतात आणि दूध वर यावं तसं पाणी वर येतं. काच सांगते पाणी वाढलं. प्रत्यक्षात पाणी कमी होत असतं, कारण वाफ बाहेर चालली आहे. जो घाबरून पाणी बंद करतो तो मरतो, असं उस्ताद म्हणायचे. थांबायचं, फुगवटा बसू द्यायचा.

वर्षातून एकदा बॉयलर थंड करून इन्स्पेक्टरला दाखवायचा असे. तेव्हा ड्रमचं झाकण काढून आम्ही आत सरपटत शिरायचो. आत पाण्यातल्या क्षारांची पांढरी खपली बसलेली असायची, ती घासून काढायची. दादा पहिल्यांदा आत शिरला तेव्हा खपलीचा तुकडा जिभेला लावून हसत सुटला. मिठागर सोडलं आणि इथे पोटात मिठागर निघालं, असं म्हणून तो दिवसभर खपल्या काढत होता. त्याच्याएवढं साफ काम आमच्यातल्या कोणालाच जमलं नाही.

उस्तादांचं मला कळलं ते एका सकाळी. ड्रमला दोन टोकांना दोन काचा होत्या. डाव्या टोकाची काच तडकली म्हणून तिचे कॉक बंद करून मी ती काढून नेली होती आणि उजवीवर काम चालू ठेवलं होतं. उस्तादांना हे सांगायचं राहिलं. मी नवी काच घेऊन परत आलो तर उस्ताद डाव्या टोकाशी, रिकाम्या जागेसमोर उभे. तिथे काचच नव्हती. आणि ते मान तिकडे करून, छातीवर हात ठेवून खाली दादाला दाखवत होते, पाणी बरोबर आहे.

मला आधी हसू आलं. मी शिडी चढून गेलो आणि म्हटलं, उस्ताद, काच माझ्या हातात आहे. ते तिथेच प्लॅटफॉर्मवर बसले. मग सांगितलं: काचबिंदू. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्यात मधलं थोडं धूसर दिसायचं. डॉक्टरने सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवा. नोकरीची दोन वर्षं उरली होती. कंपनीची खोली होती, ती नोकरीबरोबर जाणार होती, आणि गावाला घर नव्हतं. कॉकचा आवाज ऐकून आणि हाताला लागणाऱ्या धगीवरून ते पाणी ओळखत होते. इतकी वर्षं केल्यावर तेवढं येतंच. त्यांनी माझे पाय वगैरे धरले नाहीत. दोन वर्षं, मग मी जातोच, एवढंच म्हणाले.

मी गप्प राहिलो. उपकार म्हणून, आणि खरं सांगायचं तर थोडा भाव खायला मिळाला म्हणूनही. ज्याने मला शिकवलं त्याचं गुपित माझ्या खिशात होतं. त्या दिवसापासून पाणी बघायला मीच चढायचो. उस्ताद खाली व्हॉल्व्हवर थांबायचे आणि दादा शेजारी उभा राहून माझा हात कुठे आहे ते त्यांना सांगायचा. मान धरते, वर बघवत नाही, असं उस्तादांनी दादाला सांगितलं, आणि मीही ते खरं मानल्याचा देखावा केला. दादाला खरं कारण माहीत नाही असं मी धरून चाललो होतो. दर अर्ध्या तासाला चार मजले, असं दीड वर्ष. गुडघे कुरकुरायला लागले तरी मी चढत होतो.

आणि मग ती दुपारपाळी. साडेचार वाजले असतील. प्लांटचा सुपरवायझर वाफ कमी मिळते म्हणून भांडायला आला होता. उस्तादांनी त्याच्यासमोर मला झापायला सुरुवात केली. बर्नरचं तोंड नीट साफ केलेलं नाही, तेल जळत नाही, आजकालच्या पोरांना काम नको नुसता पगार पाहिजे. बर्नर मी साफ केला होता. अगदी नीट केला होता. सुपरवायझर दात काढून ऐकत होता. माझं डोकं सटकलं. च्यायला, ज्या म्हाताऱ्यासाठी मी रोज पाय मोडून घेतो, तो परक्या माणसासमोर माझी लायकी काढतो?

पाणी बघायची वेळ झाली होती. मी म्हटलं, "मग आज पाणी तुम्हीच बघा, उस्ताद. आमच्यासारख्यांना कुठे नीट बघता येतं?"

मला काय बोलतोय ते पूर्ण कळत होतं. सुपरवायझर समोर होता, त्यामुळे उस्तादांना नाही म्हणता येणार नाही हेही कळत होतं. दहा मिनिटं लाज वाटू दे, मग मी वर जाऊन त्यांना खाली आणीन, असा माझा हिशोब. उस्तादांनी माझ्या दिशेने बघितलं, म्हणजे माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडे, आणि शिडीकडे वळले. दादा बर्नरपासून पुढे आला. "मी जातो वर," तो मला म्हणाला. "उस्तादला कशाला चढवता?" मी त्याला तिथेच थांबवलं. तू बर्नर सोडू नको, असं जरा ओरडूनच सांगितलं. तो परत जाऊन बर्नरसमोर उभा राहिला.

सुपरवायझर गेला, आणि पाच मिनिटांत त्याच्या प्लांटमध्ये दोन मोठ्या केटल, म्हणजे वाफेवर तापवायच्या टाक्या, एकाच वेळी चालू केल्या गेल्या. केटल लावायच्या आधी बॉयलरला फोन करायचा असा नियम होता. फोन आला नाही. प्रेशरचा काटा माझ्या डोळ्यांसमोर खाली आला. वर उस्तादांचा हात छातीवरून गळ्याशी गेला, मग कपाळावर.

फुगवटा. दुसरं काही असू शकत नव्हतं, मला ते माहीत होतं, याच माणसाने घोटून घेतलं होतं. पण उस्तादांचा हात कपाळावर गेला आणि माझा हात व्हॉल्व्हवर. मी पाणी बंद केलं. तो माणूस आंधळा आहे हे मी विसरलो होतो का? नाही. मी वर चढायला लागण्याआधी अडीच वर्षं माझा हात त्या खुणांवर चालला होता आणि तो तसाच चालला, एवढंच मला आजही सांगता येतं.

फुगवटा बसला असणार. पाणी काचेच्या खाली उतरलं असणार आणि काच पूर्ण रिकामी झाली असणार. उस्तादांनी मागाहून सांगितलं की त्यांना रेघ दिसली नाही. ती तशीही दिसत नव्हती. आधी काच भरली होती म्हणून ती भरलेलीच आहे असं त्यांनी धरलं. कॉक परत उघडला नाही. हात कपाळावरून काढला नाही. मी खाली वाट बघत राहिलो की हा हात आता खाली येईल, मग मी पाणी सोडीन. किती वेळ गेला? दहा मिनिटं असतील, जास्त नाहीत. माझा राग तेवढ्यात उतरला होता आणि वर जाऊन त्यांना खाली आणावं असं मनात येत होतं.

दादा वाकून भट्टीच्या झरोक्यातून बघत होता. तो सरळ उभा राहिला आणि माझ्याकडे बघत त्याने आपल्या गुडघ्यावर थाप मारली. एकदा, दोनदा. त्याला आत ट्यूबा लाल दिसल्या होत्या. वर एक हात कपाळावर आणि खाली एक हात गुडघ्यावर. कोणाचं खरं हे मला क्षणात कळलं. लाल ट्यूबांत गार पाणी सोडायचं नाही एवढी अक्कल डोक्यात उरली होती. मी आग बंद कर म्हणून किंचाळलो, पण त्याआधीच दादा तेलाच्या कॉककडे वळला होता. त्याने कॉक बंद केला. मग ट्यूब फुटली.

वाफ आणि आग बर्नरच्या तोंडातून एकदम बाहेर आली. मी पांढऱ्या धुरात शिरून त्याचा शर्ट धरला आणि ओढला. शर्ट हातात आला, मग काख धरून ओढला. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. वर उस्ताद ओरडत होते, काय झालं, कोण आहे, कोणाला लागलं. ते शिडी सापडत नाही म्हणून प्लॅटफॉर्मच्या कठड्याला धरून फिरत होते.

दादाला खाडीपुलापलीकडे मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं. पाच दिवस होता. मी हाताला बँडेज बांधून दोनदा गेलो. त्याची बायको स्टुलावर बसलेली असायची, गावची आणखी दोन माणसं बाहेर. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने डोळे उघडले आणि माझ्या हाताकडे बघून विचारलं, दुखतं का? मी मागे सरकत दारापर्यंत आलो. त्या दारात उभं राहून मला स्वतःची इतकी किळस आली की मी परत गेलोच नाही. पाचव्या दिवशी तो गेला.

चौकशीला बॉयलर इन्स्पेक्टर आले. त्यांनी ड्रम उघडून बघितला, फुगलेल्या, निळ्या पडलेल्या ट्यूबा मोजल्या आणि म्हणाले, ड्रम कोरडा होता, पाणी कोण बघत होतं? ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला साहेब लोक, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघे. उस्ताद उभे राहिले. त्यांना वायरीचं, बंद यंत्राचं, न आलेल्या फोनचं काहीही सांगता आलं असतं. मी त्यांना मुद्दाम वर चढवलं हेही सांगता आलं असतं.

"मी बघत होतो," ते म्हणाले. "मला दिसत नाही. दोन वर्षांपासून. मी हे सगळ्यांपासून लपवलं. या पोराला यातलं काही माहीत नव्हतं."

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. तुम्हाला माहीत होतं का? टेबलावर माझी फ्रेम होती, सर्टिफिकेट दाखवायला आणलेली. मी म्हटलं, नाही साहेब. त्यांनी लिहून घेतलं. सही करायला हातावरचं बँडेज आड येत होतं, म्हणून अंगठा घेतला.

उस्तादांचं सर्टिफिकेट गेलं, खोली गेली. बहिणीच्या मुलाकडे साताऱ्याला जातो म्हणाले. एस.टी.त बसवायला मी गेलो होतो. काच पाळीला एकदा धूत जा, एवढं सांगून ते खिडकीशी बसले. दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मी तोपर्यंत फर्स्ट क्लास पास झालो होतो आणि पाळीचा मुख्य होतो. आग बंद करणाऱ्या यंत्राची वायर मी स्वतः जोडली आणि कोणी काढायला आला की त्याची आईमाई काढायचो. लोक म्हणायचे, हा फार कडक आहे.

दादाच्या जागी कंपनीने त्याच्या बायकोला कॅन्टीनमध्ये घेतलं. रोज दोन वेळा मला तिच्या हातचा चहा घ्यावा लागायचा. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला भावजी. थंडीत माझ्या हाताची कातडी ओढायची, तर ती माझा चहा ग्लासाऐवजी कपात द्यायची, कानाला धरता यावा म्हणून. मी तिच्याकडे बघायचं टाळायचो. ती मात्र कधीतरी थांबायची, काहीतरी बोलायचं आहे अशी, आणि मग फडका घेऊन पुढच्या टेबलाकडे जायची. मला वाटायचं, हिला कळलंय. आज बोलेल, उद्या बोलेल. अशी सात वर्षं काढली.

ऐंशीचं दशक अर्धं सरल्यावर कंपनीने नवा बॉयलर आणला आणि जुना भंगारात काढला. क्रेनने वरचा ड्रम उतरवून अंगणात ठेवला. ज्याच्यासाठी चार मजले चढत होतो तो जमिनीवर आडवा, दोन्ही टोकांची झाकणं उघडी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लोक बघून गेले. मी एकटाच राहिलो होतो तेव्हा वहिनी आली. ड्रमवर हात ठेवून तिने विचारलं, पाणी याच्यात असायचं का? आणि बघायचं कुठून?

मी तिला दाखवलं. काच कुठे बसायची, ट्यूबा कुठून यायच्या, वाफ कुठून जायची. फुगवट्याचंही सांगितलं, पाणी कमी असताना जास्त कसं दिसतं ते. कधी कोणी तिला समजावलंच नव्हतं. ती लक्ष देऊन ऐकत होती, मधेच एखादा प्रश्न विचारत होती, आणि मला वाटलं आता ती विचारणार. मी ठरवलं, विचारलं तर खरं सांगायचं.

तिने पदर तोंडाला लावला. "भावजी, ह्यांनी मना हास्पिटलात सांगितला," ती म्हणाली. "म्हाताऱ्याला दिसत नाय, ह्ये ह्यांना म्हाईत व्हता. पन तुमाला बोलले नाय. तुमाला ठावं असता तर तुमी त्याला वर चढवला नसता. तुमचे हात भाजले ते ह्यांच्यामुळं. मी बोललो नाय म्हनून झाला, असा बोलत बोलत गेले ते. मना बोलले, तू त्यांची माफी माग. सात वरसां मना धीर झाला नाय."

दादाला माहीत होतं. म्हणून तो बर्नर सोडून पुढे आला होता. म्हाताऱ्याची नोकरी जाऊ नये म्हणून तोही माझ्यासारखाच गप्प बसला, आणि मला काही माहीत नाही असं समजून, सगळं स्वतःच्या माथी घेऊन मेला. पाच दिवस भाजलेल्या अंगाने तो हा विचार करत होता. आणि ही सात वर्षं माझ्यासमोर चहा ठेवताना नवऱ्याच्या गुन्ह्याने मान खाली घालत होती.

"त्यांना माफ करा, भावजी," ती म्हणाली.

बोलायला एवढंच होतं की वहिनी, मलाही माहीत होतं, आणि मी मुद्दाम चढवलं. शब्द तयार होते. ड्रमवर तिचा हात होता, माझा हात होता, दुसरं कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "केलं माफ."

तिने माझे दोन्ही हात हातात घेतले, थोडा वेळ तसेच धरून ठेवले, आणि चहाची वेळ झाली म्हणून कॅन्टीनकडे गेली.